कळकलेली कढी

फार फार वर्षांपूर्वी एका राजधानीत, एका नामांकित खानावळीच्या अंगणात, भरल्या पानावरून उठून माणसं उलट्या करत होती. त्याला जबाबदार एकच माणूस होता, खानावळीचा मालक, आबा. ग्रह फिरले नव्हते, दृष्ट लागली नव्हती, पाणी बाधलं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तिथल्या थोरामोठ्यांनी नंतर या सगळ्यांवर खापर फोडून पाहिलं.

त्या राजधानीला तेव्हा खाण्याचं वेड लागलं होतं. घरच्या चुली थंड पडल्या होत्या आणि बाजारपेठेत पावलापावलावर खानावळी उभ्या राहिल्या होत्या. आधी परमुलखाचं खूळ आलं. समुद्रापलीकडचे मसाले, धूर सोडणारी सरबतं, परातीएवढ्या थाळीत मधोमध सुपारीएवढा घास आणि भोवती पानाफुलांची नक्षी. पोट भरायचं नाही, पण चार लोकांत सांगता यायचं. मग ते खूळ विटलं आणि उलटं खूळ आलं. सगळ्यांना एकदम पणजोबांच्या जेवणाचे डोहाळे लागले. काल उघडलेल्या खानावळींनी दारावर ‘अस्सल जुनी’ अशी पाटी ठोकली. कोऱ्या तांब्याच्या भांड्यांना दगडाने पोचे पाडून ती जुनी करून द्यायचा धंदाही निघाला.

आबाची खानावळ मात्र खरोखरच जुनी होती. लोक तिला थोरली चूल म्हणत. तिथे एक रिवाज होता. आबाने चाखल्याशिवाय कुठलंच तपेलं पंगतीत फिरत नसे. आबा लांब दांड्याची पळी बुडवी, तळहातावर थेंब घेई, चाटी, डोळे मिटी. पंगत श्वास रोखून बघत राही. मग आबा म्हणे, “हं.” त्यानंतरच वाढपी हलत. नवं खूळ आल्यापासून तर लोक जेवायला कमी आणि तो ‘हं’ ऐकायलाच जास्त येऊ लागले होते.

आणि मागच्या हिवाळ्यातल्या तापापासून आबाच्या जिभेला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मीठ कळत नव्हतं, मिरची कळत नव्हती. गूळ आणि खडू त्याला सारखाच. फोडणी तडतडलेली कानाला ऐकू येई, नाकाला तिचा पत्ता नसे. आज ना उद्या चव येईल असं म्हणत त्याने दिवस काढले. चव आली नाही. तरी तो रोज पळी बुडवी, डोळे मिटी आणि हुंकार देई. रांधणारी त्याची लेक होती आणि तिच्या हाताला मीठ-मिरचीचा अंदाज होता, म्हणून बापाचं सोंग खपून जात होतं.

त्याने कुणाला सांगितलं का नाही? कारण त्या घरचा कायदा होता: ज्याची जीभ, त्याची पळी. तरुणपणी आबाने स्वतः आपल्या बापाच्या हातून भर पंगतीत पळी काढून घेतली होती. “अण्णा, आमटी खारट झालीय, तुम्हाला कळेनासं झालंय. बसा आता,” असं सगळ्यांदेखत म्हणाला होता. बाप त्यानंतरही बरीच वर्षं जगला, पण त्याला पुन्हा कुणी काही विचारलं नाही. आबाला रोज पळी उचलताना तेच आठवे. जे आपण केलं ते आपल्यावर येईल या भीतीने माणूस शहाणा होतो म्हणतात. आबा खोटारडा झाला.

थोरल्या चुलीची भांडी तांब्याची. तांब्याला आतून कथलाची कल्हई लागते, नाहीतर ताक, चिंच, कोकम, जे जे आंबट ते तांब्याला खातं आणि विषारी होतं. त्यालाच कळकणं म्हणतात. ठरल्या वेळी कल्हईवाला यायचा. यंदा आबाने त्याला दारातूनच वाटेला लावलं.

“अहो आबा, आतली पार उडालीय की!”

“उडू दे. गिऱ्हाइकाला तांबं दिसलं पाहिजे. आत पांढरं दिसलं की विचारतात, हे कसलं जुनं?”

लेक चुलीपाशी होती. तिथूनच ती म्हणाली, “मग आंबट कशात करायचं? तांब्यात कळकेल. हे तुम्हीच शिकवलंत ना मला?”

“कळकलं तर मला कळेल. ही जीभ कशाला ठेवलीय?”

लेक त्याच्याकडे बघत राहिली. आबा उगाचच कल्हईवाल्याच्या पाठीकडे बघत राहिला.

मग एक दिवस राजवाड्यातून निरोप आला. युवराजाच्या लग्नाची पंगत कुणाच्या हातची व्हायची ते ठरवायला मुदपाकखान्याचा कारभारी जेवायला येणार होता. बाजारपेठेतले सगळे वडीलधारे बोलावले गेले. आबाची थोरली बहीण, आक्का, गावाहून आली. आई लहानपणीच गेल्यावर आबाला वाढवलं ते हिने. आता तिच्या तोंडात दात नव्हते. कढीभात तेवढा जाई.

लेकीने ताक मातीच्या रांजणात ठेवलं होतं. आबाने आदल्या संध्याकाळीच ते सगळ्यात मोठ्या तांब्याच्या तपेल्यात ओतून घेतलं, कारभाऱ्याला चुलीवर तांबं झळकताना दिसावं म्हणून. सकाळी तपेल्याच्या काठाला हिरवट कड आली होती. जीभ गेली तरी आबाचे डोळे शाबूत होते. त्याने कड फडक्याने पुसली, खाली जाळ घातला आणि हळद सढळ हाताने टाकली.

कढीला उकळी आल्यावर लेकीने थेंब चाखला आणि थुंकला.

“आबा, ही फेकायची.”

“का?”

“कळकलीय. हे बघा, काठाखाली अजून हिरवं आहे. आणि एवढी हळद कुणी घातली?”

“पंगत बसलीय. कारभारी आलेत.”

“आमटी आहे ना. कढी नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.”

“थोरल्या चुलीवर कढी नाही? तोंडात शेण घालतील लोक.”

“शेण परवडलं, आबा. तुम्ही चाखा बरं.” तिने पळी त्याच्या हातात दिली.

आबाने थेंब घेतला, चाटला. कोमट पाणी असावं तसं लागलं. दारात वाढपी ताटकळले होते. बाहेरून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता.

“हं,” तो म्हणाला.

“माझ्याकडे बघून सांगा. खरंच काही लागलं नाही?”

एवढंच म्हणायचं होतं: पोरी, मला कळत नाही. आत बाहेरचं कुणी नव्हतं. लेक ओरडली नसती. आबाने तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते वेगळंच.

“तुला पळी हवीय. मी मरायची वाट बघवत नाही तुला.”

आबाने स्वतः तपेल्याची एक बाजू धरली आणि वाढप्यांबरोबर ते बाहेर नेलं.

पंगतीसमोर पुन्हा तोच खेळ झाला. पळी, तळहात, मिटलेले डोळे. “हं!” लोकांनी वाहवा केली. वाट्या भरल्या.

तेवढ्यात लेक ओसरीवर आली. “कढी पिऊ नका. कळकलेली आहे.”

सगळ्यांचे हात थांबले. पहिल्या पानावर बाजारपेठेचे पंच, तात्या, बसले होते. त्यांचा एक घोट आधीच घेऊन झाला होता, आणि तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखं त्यांना होत होतं. त्यांना चांगलं कळलं होतं. पण आबा आणि ते एका बैठकीतले. एका म्हाताऱ्याची चूक निघाली की लोक दुसऱ्याचीही शोधायला लागतात, हे सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं.

“पोरी,” तात्या मोठ्याने म्हणाले, “ही जुनी चव आहे. पणजोबांच्या वेळची. तुम्हा पोरांची तोंडं त्या धुराच्या सरबतांनी नासलीत, तुम्हाला कशी कळायची?”

पंगत हसली. कारभाऱ्यालाही घशात काहीतरी ओढल्यासारखं वाटत होतं. पण अस्सल ओळखता येत नाही असं राजवाड्याच्या माणसाने कसं म्हणायचं? “तांब्याचा गुण उतरलाय,” तो म्हणाला आणि दुसरी वाटी मागितली.

शेवटच्या रांगेतल्या तरुण मंडळींनी गुपचूप वाट्या बाजूला सारल्या. एकाचा काका त्याच्यावर डाफरला, “आबांपेक्षा शहाणा झालास?” त्या बिचाऱ्याने डोळे मिटून वाटी रिकामी केली.

लेक पानांमधून वाट काढत खांबापाशी बसलेल्या आक्काकडे गेली. तिने वाटीला हात घातला. आक्काने तो धरला.

“थांब ग, ओढू नकोस.” मग तिने वर आबाकडे बघितलं. “बाळ, ही काय म्हणतेय? पिऊ की नको? माझ्या तोंडाला आता काही कळत नाही रे. वय झालं. तू सांगशील तसं.”

किती सहज म्हणाली ती. आख्ख्या पंगतीसमोर म्हणाली. ना तिला लाज वाटली, ना कुणी हसलं, ना आभाळ कोसळलं. आबाने ते ऐकलं आणि क्षणभर त्याच्या हातातली पळी जड झाली. ‘आक्का, मलाही कळत नाही,’ हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. तात्या बघत होते. कारभारी बघत होता. लेक तर त्याच्या तोंडावरून नजर काढतच नव्हती.

“हं,” आबा म्हणाला. “पी, आक्का. उत्तम झालीय.”

आक्का प्यायली. अन्न टाकू नये म्हणून वाटीच्या तळाला राहिलेलंही तिने बोटाने पुसून घेतलं.

पंगतीने हातही धुतले नव्हते तेव्हा पहिला माणूस अंगणाकडे धावला. त्याच्यामागे दुसरा. मग तात्या, धोतराचा सोगा सावरत. कारभारी चौकटीतच गुडघ्यांवर बसला. ज्या पोरांनी वाट्या सारल्या होत्या तीच आता थोरांची डोकी धरून उभी होती, पाणी पाजत होती, वैद्याला बोलवायला पळत होती. अंगणाच्या पायरीवर तात्या ओकाऱ्यांच्या मधूनमधून म्हणत होते, “पाणी बदललंय हो इथलं… पाणीच…”

आक्काला उठवेना. लेकीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आबा शेजारी बसला. आक्काने त्याचा हात चाचपला.

“तू पण प्यालास ना रे? तुला काही होत नाही ना?”

आबाने दोन थेंबच चाटले होते. “बराय मी,” तो म्हणाला.

“मग झालं,” आक्का म्हणाली.

बाकीचे सगळे वाचले. जे तरुण प्याले होते ते चार दिवसांत उठले, म्हातारे थोडे उशिरा. आक्काचं म्हातारं शरीर मात्र दुसरी सकाळ बघू शकलं नाही.

तिच्या तेराव्याला वडीलधारी मंडळी थोरल्या चुलीच्या ओसरीवर बसली. दृष्टीचं बोलणं झालं, ग्रहांचं झालं. मग तात्यांनी आवाज उतरवला. “पोरीनेच काही कालवलं असेल. तिला पळी हवी होती म्हणे.” माना डोलल्या. गोष्ट तिथे मिटत होती, आणि आबाचं सगळं शाबूत राहत होतं.

तेव्हा आबा बोलला. “माझी जीभ हिवाळ्यातच गेली. मला काही कळत नाही.”

कुणी दचकलं नाही. त्यातल्या निम्म्यांना केव्हाचा संशय होता.

“बरं, बरं,” तात्या म्हणाले. “आमच्यात बोललास ते बोललास. बाहेर बोलू नकोस.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. लेक फळीवरून एकेक तपेलं काढून अंगणात उपडं घालत होती, कल्हईवाल्याची वाट बघत. बापाशी ती बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. पळी आबाने चुलीपाशी नेऊन ठेवली. ती तिने उचलली, घासली आणि कामाला लागली.

ज्याला कळत नाही त्याने ‘कळत नाही’ म्हणावं. पिकलेले केस हा विषावरचा उतारा नव्हे.

आबाने ते वेळेवर म्हटलं नाही, आणि त्याला वाढवणारी आक्का मेली.