मडक्याची चव, वाडीचं वजन

डोंगरापलीकडच्या एका राज्यात मधाच्या कोठाराचा एक कोठावळा होता. माणूस इमानी, पण भारी उतावळा. अर्धं ऐकायचा आणि कामाला लागायचा.

त्या साली राणीने हुकूम काढला, "आंबलेला मध घेऊ नका. आणि ज्या वाडीचा चांगला मध वीस शेरांहून कमी भरेल, तिला पुढल्या वर्षी रान बंद." रान बंद म्हणजे चूलच बंद!

कोठावळ्याने दारात तराजू मांडला. थोरल्या वाडीचे तीन रांजण आले, एकेक पंचवीस शेरांचा. "वा! ओता टाक्यात. चव मागाहून बघू," तो म्हणाला.

मग टेकडीवरची वाडी आली. घरटी एक अशी तीस मडकी, प्रत्येकात शेरभर मध.

"वीस शेर कुठायत? हे बाद. हेही बाद. व्हा बाजूला!" तीसच्या तीस मडकी त्याने परत केली.

संध्याकाळी त्याने टाक्यातला मध चाखला आणि तोंड वाकडं केलं. एक रांजण आंबलेला होता, आणि आता सगळंच आंबट! कोठावळा डोकं धरून बसला. दोन्ही अटी पाळल्या, मग हा घोळ झाला कसा? त्याला काही उमगेना.

दारात टेकडीवरची धुरपाबाई अजून हटून बसली होती.

"बाई, माझी मती गुंग झालीय. चुकलं कुठे?"

"अहो कोठावळे, आंबलंय का, हे एकेका मडक्याला विचारायचं, आत घ्यायच्या आधी. वीस शेर भरले का, हे वाडीला विचारायचं, सगळं एकत्र मोजल्यावर. तुम्ही मडक्याला वाडीचा प्रश्न घातलात नि वाडीला मडक्याचा!"

"म्हणजे आधी... मग नंतर..." तो बोटं मोजत पुटपुटत राहिला. गप्प बसला असता तर चूक राणीला कळली नसती. पण टेकडीवरच्या तीस चुली त्याला दिसत होत्या. सकाळी तो राणीसमोर गेला नि सगळं कबूल केलं.

राणीने टेकडीवरची मडकी परत मागवली. कोठावळा एकेक चाखू लागला. आंबलेली मडकी बाजूला पडू लागली. पाच, सात, नऊ! धुरपाबाईचा जीव टांगणीला लागला. उरलेला मध एकत्र तराजूत चढला.

"एकवीस शेर!" कोठावळाच आधी ओरडला. टेकडीचं रान वाचलं.

मध मिसळण्यात थोरल्या वाडीचा दोष नव्हता, म्हणून तिलाही रान मिळालं. पण तिचा दोन रांजण चांगला मध कुणाला वेगळा काढता आला नाही. टाकं उपसून ओढ्याकाठी ओतताना कोठावळा ढसाढसा रडला.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: एकेकाची पारख एकत्र करण्याआधी करावी, आणि सगळ्यांची मिळून होणारी पारख एकत्र केल्यावरच करावी.