काजळीचा आवाज

आकाशाकडे बघायला कोणी जन्मलंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका विझत्या ताऱ्याच्या धुरातून काजळी नावाची धुळीची कणी निघाली आणि भटकत एका काळ्याकुट्ट, गार ढगात शिरली.

तिथे बर्फाने फुगलेली एक म्हातारी कणी भेटली. “ये बाई, मला चिकटून बस. एकटी राहिलीस तर फुटशील.”

“नको. मला माझी मीच राहायचंय.”

“मीही हेच म्हणाले होते,” म्हातारी म्हणाली. तिच्या पोटातून एकेक आवाज आला, “मीही.” “मीही.”

काजळी मागे सरकली. तेवढ्यात दूरवर एक तारा फुटला आणि त्याच्या धक्क्याची लाट आली. घाबरून काजळी म्हातारीला बिलगली. लाट ओसरली, काजळी वाचली.

मग एक नवी कणी आली. काजळी तिला “पळ” म्हणायला गेली. तोंडातून म्हातारीचा आवाज निघाला, “ये बाई, मला चिकटून बस.”