गुडघाभर पूर

म्हशी बोलायच्या आणि माणसं निमूट ऐकून घ्यायची, त्या काळातली गोष्ट. चंद्री म्हैस भर दुपारी डुंबायला तळ्यात शिरली. तिच्या पायाला एक गोचीड चिकटलेली होती, सात पिढ्यांची भाडेकरू असल्यासारखी. पाणी वर चढताना पाहून ती किंचाळली, "मावशे, माघारी फिर! पूर आला, मेले मी!"

"कसला पूर गं? गुडघाभर तर पाणी आहे."

"कुणाच्या गुडघ्याएवढं?"

असल्या गोष्टींचा चंद्रीने जन्मात विचार केला नव्हता. ती सुखाने पाण्यात बसायला लागली. पोट बुडालं, पाठही बुडत आली. गोचीड जीव मुठीत धरून वर वर चढली आणि मानेवरून थेट चंद्रीच्या कानात शिरली.

"अगं आई गं!" चंद्री ताडकन उठली. "कानात हत्ती शिरला!"

"हत्ती कुठला? मीच की, तिळाएवढी!"

पण चंद्री ऐकते कसली! शेपूट वर करून ती जी सुटली, ती चिखल उडवत, काठावर वाळत घातलेली लुगडी तुडवत माळावरच जाऊन थांबली.

तिथे कोरड्या कानात पाय पसरून गोचीड म्हणाली, "इश्श, मावशे! एवढ्याशा गोष्टीला कुणी इतकं भितं का?"