वज्रसेनाचा की धूमकेतूचा?

"मग सांगा ना बुवा, तो सिनेमा कुणाचा धरायचा?"

निनादने पुन्हा विचारलं. शिवेवरच्या देवळातले नाथबुवा पायरीवर बसून पालखीची वाट पाहत होते.

वज्रसेनाचे सिनेमे वेगळे, धूमकेतूचे वेगळे. यंदा दोघे महावीर एकाच सिनेमात आले आणि त्यांनी मिळून जग वाचवलं. निनादचं घर मात्र वाचलं नाही. तो वज्रसेनाचा भक्त, धाकटा भाऊ पराग धूमकेतूचा. सिनेमा कुठल्या मालिकेतला, यावरून भांडण इतकं पेटलं की पराग रागारागाने पलीकडच्या गावी मामाकडे निघून गेला. आईने तर अंथरूणच धरलं.

"नाव आधी वज्रसेनाचं येतं. शेवटचा घावही त्याचाच. तुम्ही एवढं बोललात, की पराग मान्य करील."

"आणि घरी येईल?"

"हरला की येईलच…"

बुवा उठले. "चल. पालखी आली."

शिमग्याचे दिवस. दोन्ही गावांच्या देवी सख्ख्या बहिणी. वर्षातून एकदा त्या शिवेवर भेटतात आणि त्या वेळी खांदे बदलतात. या गावची माणसं त्या गावची पालखी घेतात, त्या गावची या गावची.

बुवांनी निनादला पुढे ढकललं. परगावच्या देवीच्या पालखीचा दांडा खांद्यावर आला आणि त्याच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

ढोल घुमत होते. पालख्या झुलत झुलत समोरासमोर आल्या. वाकल्या. एकमेकींना टेकल्या…

ढोल थांबले.

एवढी माणसं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. एक म्हातारी पदर तोंडाशी धरून रडत होती. निनादच्या अंगावर सर्रकन काटा आला. असं काही असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. खांद्यावरचं ओझंही त्याला जाणवेना.

त्याने मान वर केली. समोर त्याच्या स्वतःच्या गावची पालखी होती आणि तिच्या दांड्याखाली पराग उभा होता. घामाने निथळत, डोळे भरलेले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बुवा…" निनादने हळूच विचारलं. "ही भेट… कोणत्या गावची म्हणायची?"

बुवांनी परागकडे बोट केलं.

"तुझी देवी त्याच्या खांद्यावर आहे. त्याला विचार."