न वाजलेलं दार

ओमानमधल्या सहा महिन्यांच्या सुतारकामासाठी कुडाळचा बाबल मेस्त्री मुलाखतीला आला होता. परदेशी कामगार पाठवणाऱ्या चिटणीससाहेबांच्या केबिनचं दार असं करकरायचं, की येणाऱ्या प्रत्येकावर साहेब आधी खेकसायचे.

या खेपेला त्यांनी फायलीतून मान वर केली, तर बाबल समोरच उभा! साहेब दचकलेच.

"केव्हा आलास? डिग्री आहे?"

"नाही, साहेब."

"डिप्लोमा? तोही नाही? मग तुला काम येतं हे मी तिकडे कशाच्या जोरावर सांगू?"

"साहेब, बाहेर तासभर बसलो होतो. तेवढ्यात तुमच्या दाराचे स्क्रू आवळले, बिजागऱ्यांना तेल घातलं. मी आत आलेलं तुम्हाला कळलंसुद्धा नाही, तेच माझं सर्टिफिकेट."

साहेबांनी उठून दार दोनदा उघडून लावून पाहिलं.

"पासपोर्ट तरी आहे ना रे?"