ठकाईचा घोट

तापीकाठच्या टेकड्यांवर अजून सिंह नांदत होते, तेव्हाची ही गोष्ट. पायथ्याच्या बोरझिरीत ठकाई नावाची म्हातारी गावाची गुरं राखायची. तिला ना मूल ना बाळ. गुरं माळावर सोडली की ती नाल्याकाठच्या खडकावर बसे आणि पलीकडच्या सिंहांकडे बघत राही. सिंह तिच्या वाटेला जात नसत, असं म्हणतात.

बघून बघून तिला त्यांचं घर पाठ झालं होतं. आयाळवाला धनी दिवसभर बोरीखाली लोळायचा. शिकार करायच्या त्या चौघी सिंहिणी. हा मात्र जेवायला पहिला. "आपल्या पाटलासारखाच," ठकाई म्हणायची. परका सिंह हद्दीत आला की मात्र तोच उठायचा, आणि त्याची डरकाळी चार गावं ऐकायची. पण ठकाईला खरं नवल वाटायचं ते बछड्यांचं. चौघी एकाच सुमाराला व्यायच्या, आणि ठिपक्याठिपक्यांची ती बछडी भूक लागली की जी आडवी पडली असेल तिला लुचायची. आपलं कुठलं, दुसरीचं कुठलं, हे कोणी बघत नसे. गावात हे सांगितलं की बाया हसायच्या.

एका वर्षी तापाची साथ आली. गोजरा कुंभारणीचा नवरा त्यात गेला, आणि बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी गोजराही गेली. मागे तान्ही लेक राहिली. गावात पाच बायांच्या अंगावर मुलं होती. पण मेलेल्या बाळंतिणीचं पोर छातीशी धरलं, तर आपलं दगावतं, अशी समजूत होती. शेळीचं दूध पोरीला पचेना. ठकाई पाचही दारांत जाऊन आली. शेवटचं दार सुंदरा पाटलिणीचं. तिने ते लोटून घेतलं आणि आतून म्हणाली, "मला माझ्या लेकराचं बघू दे, आजी."

पोरीचा आवाज निघेनासा झाला. ठकाईने तिला पदरात घेतलं. "गावात नाही, तर तिथं मागते," एवढं बोलून ती भर दुपारी नाल्याकडे निघाली. बाया काठापर्यंत मागोमाग आल्या, त्यांत सुंदराही होती. पुढे जायची कोणाची हिंमत झाली नाही.

ठकाईने पोरीला सिंहिणींसमोर मातीत ठेवलं. आयाळवाल्याने एकदा मान वळवली आणि पुन्हा डोळे मिटले. थोरली सिंहीण उठली. तिने पोरीला हुंगलं, खरखरीत जिभेने चाटलं आणि ती कुशीवर आडवी झाली. तिने पोरीला पाजलं, असं म्हणतात. कोणी म्हणतं, नुसतं चाटलं. पण जीभ लागताच पोरीने टाहो फोडला, याबद्दल दुमत नाही.

तो टाहो ऐकून सुंदराला पान्हा फुटला, चोळी भिजली. ती नाला ओलांडून गेली, पंजांमधून पोर उचलली आणि तिथंच बसून पाजू लागली.

"भ्याले होते गं आजी," ती म्हणाली.

"भ्यायचीसच. पाज आता."

मग काठावरच्या उरलेल्या चौघी बायाही एकेक करून आल्या. सुंदराचा लेक आणि गोजराची लेक, दोघंही जगली.

पुढे ठकाई एकदा टेकडीवर गेली ती परतली नाही, असं म्हणतात. सिंहही गेले. नाल्याकाठी एक दगडी सिंहीण तेवढी आहे. तिला आयाळ नाही, म्हणून परगावचे लोक तिला कुत्रं समजतात. बोरझिरीत मात्र अजून बाळाच्या पाचवीला गावातल्या सगळ्या लेकुरवाळ्या जमतात आणि आई धडधाकट असली तरी एकेक जण बाळाला छातीशी घेते. त्याला ठकाईचा घोट म्हणतात. त्या दिवशी कोणा पाहुण्याने विचारलं, बाळाची आई कोणती, तर सगळ्याच जणी "मी" म्हणतात.