गंधर्वसेनेची पाठवणी

पूर्वी कृतयुगात, गावांना वेशी होत्या पण वेशींना दारे नव्हती अशा काळी, शुभ्रतोया नदीच्या तीरावर सत्यवचनी, दानशूर असा ऋतंभर नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या राज्यावर करालदंष्ट्र नामक राक्षस चालून आला, तेव्हा राजाने हेमकूटावरच्या गंधर्वांना साद घातली. दहा सहस्र घोडेस्वार घेऊन गंधर्वांचा सेनापती हेमकेतू धावून आला, एकवीस दिवस घनघोर संग्राम झाला आणि राक्षस मारला गेला. त्याचे भाऊबंद मात्र डोंगरांत दडून राहिले, म्हणून राजाच्याच विनंतीवरून गंधर्वसेना मागे राहिली. तिचा तळ पडला तो आर्द्रवनात, राज्यातल्या सर्वांत मऊ भाताच्या जमिनीत.

बारा वर्षे तळ तिथेच होता. गंधर्व वागायला चांगले, कोणाच्या काडीला हात लावणारे नव्हेत. पण दहा सहस्र घोड्यांच्या टापांखाली जमीन अशी दडपली की रोपाला मूळ धरेना. शेवटी उभयपक्षी ठरले, की सेनेने खाडीपलीकडच्या सैकत बेटावर जावे. तिथून राखणही होईल आणि शेतेही मोकळी होतील. ठरले खरे, पण नौका, नवे निवारे आणि वर्षाचे धान्य द्यायचे कोणी?

त्या देशाची रीत अशी, की पाहुणा घरातून हलला की शिदोरी यजमानाने द्यायची, आणि घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने तिला हात लावायचा. एक जरी हात मागे राहिला, तरी पाहुणा ती घेत नसे. गंधर्व तर अवघ्या राज्याचे पाहुणे, तेव्हा सभेतल्या प्रत्येक सामंताचा हात लागणे आले. इथेच घोडे पेंड खाऊ लागले.

पूर्वेचे सामंत म्हणाले, "राक्षस पश्चिमेकडून आला, पश्चिमेने द्यावे." पश्चिमेचे म्हणाले, "आम्ही रक्त दिले, आता धान्यही आम्हीच द्यावे काय?" अमात्य दीर्घमेधाने दाढी कुरवाळीत मत मांडले, "जो जातो, त्याने आपले ओझे आपण वाहावे." गरज सरो आणि वैद्य मरो ही वृत्ती कलियुगाची म्हणतात. मला विचाराल तर ती कृतयुगातही होती, फक्त संस्कृतात बोलत होती. या वादात तीन पावसाळे गेले.

आर्द्रवनाची मुख्या होती पृथुला. ऐंशी घरांचा भार तिच्या शिरावर. गावाने पोटाला चिमटा काढून एक कणगी बियाणे राखले होते. यंदा पेरणी झाली नाही तर ऐंशी घरे गाव सोडून परमुलखात जाणार, हे ठरून गेले होते. मृगाला पंधरा दिवस उरले असता, ते बियाणे गाड्यावर घालून ती सभेच्या दारी आली. भरली कणगी दाखवावी आणि जमीन मोकळी करून मागावी, असा तिचा बेत होता.

नेमका त्याच दिवशी सभेने निर्णय दिला. अर्धी शिदोरी राज्य देईल, उरलेली अर्धी गंधर्वांनी आपल्या घरून आणावी.

हेमकेतू आसनावरून उठला. त्याचे मुख तापलेल्या तांब्यासारखे झाले. कमंडलूतील जल ओंजळीत घेऊन तो म्हणाला, "राजन्, तुझ्या हाकेसरशी आम्ही आलो. आमचे तीनशे बंधू तुझ्या मातीत निजले. आम्ही वाटणी मागितली नाही, निरोप मागितला. भरल्या पानावरून उठवलेला पाहुणा काय बोलतो ते आता ऐक. या राज्यावर पुन्हा संकट येईल, तेव्हा हे राज्य हाक मारील, आणि—"

"थांबावे, सेनापती," पृथुला म्हणाली.

सभा वळून पाहू लागली. चार जणांनी कणगी आत आणून ठेवली होती. पृथुलेने तिच्यावर हात ठेवला आणि ती सेनापतीला म्हणाली, "माझा तुमच्यावर राग आहे. पंधरा वर्षे माझी जमीन तुमच्या घोड्यांखाली आहे. पण राग वेगळा आणि पाठवणी वेगळी. तुम्ही सभेत नव्हे, आमच्या शिवारात उतरला होतात. आमच्या दारातला पाहुणा रिकाम्या हाताने जाणार नाही. ही आमची शिदोरी, आणि हा माझा हात."

हेमकेतूने दाणे निरखले. त्याचा आवाज उतरला. "माते, हे तर बियाणे आहे. आम्ही गेल्यावर तू पेरशील काय?"

"ते आमचे आम्ही पाहू. जाणाऱ्याने मागे वळून चुलीत डोकावू नये."

ऋतंभर राजा सिंहासनावरून खाली उतरला. लाजेने त्याला मान वर करवेना. त्याने पृथुलेच्या हाताशेजारी आपला हात ठेवला आणि तो म्हणाला, "नौका माझ्या." पूर्वेच्या सामंतांनी धान्य देऊ केले, पश्चिमेच्यांनी निवाऱ्यांचे लाकूड देऊ केले आणि एकेकाचा हात कणगीला लागला. सर्वांत शेवटी दीर्घमेध उठला. म्हातारा मुळाचा वाईट नव्हता, डोळे पुशीत त्यानेही कणगीला हात लावला.

आता हेमकेतूच्या ओंजळीतले जल राहिले. शापासाठी घेतलेले जल नुसते सांडता येत नाही, त्याबरोबर काहीतरी द्यावेच लागते. तो तसाच ओंजळ सांभाळीत आर्द्रवनात चालत गेला आणि टापांनी दडपलेल्या मातीवर त्याने ते सोडले. "जिने बियाणे देऊन पाठवणी केली, तिच्या भूमीला बियाण्याची गरज न पडो," तो म्हणाला, "आणि या देशाने हाक मारली, की आम्ही येऊच."

नौका बेटाकडे गेल्या. कणगी त्यांच्याबरोबर गेली. मृग लागला, टापांच्या खळग्यांत पाणी साचले, आणि बाराव्या दिवशी प्रत्येक खळग्यातून हिरवा कोंब वर आला. नांगर नाही, पेरणी नाही. त्या वर्षी आर्द्रवनातले एकही घर उठले नाही.

हाच तो देवभात, ज्याला ऋषी नीवार म्हणतात. आजही तो तळ्याकाठी आपोआप येतो आणि त्यावर कोणा राजाचा कर नसतो. लोक म्हणतात, तो न पेरता उगवतो. हे मला मान्य नाही. तो एकदा पेरला गेला आहे, भर सभेत, ऐंशी घरांची पोटे पणाला लावून, आणि पेरणारी आमच्या मातीतली होती.